ताट मांडले, हजेरी वाढली का?
शालेय पोषण आहार आणि मुलांचा शाळेतला सहभाग : एक आढावा

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की गडब लागते. खाडीच्या अंगाला खारेपाट आणि भातखाचरे, जवळच डोलवीचा पोलाद कारखाना, आणि पूर्वेला डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या. पेण आणि रोहा तालुक्यांच्या या पट्ट्यात पगारदार घरातले मूल रिक्षाने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, शेतकरी घरातले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, आणि वाडीवरचे मूल दिवाळीपर्यंत शाळेत असते व पुढे आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते. दुपारचे मोफत जेवण यांतल्या कोणाला शाळेत आणते, कोणाला टिकवते आणि कोणापर्यंत पोहोचतच नाही, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक फोड करून घेतलेली बरी. सहभाग म्हणताना आपण चार वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतो : मुलाचे नाव पटावर येणे, मूल रोज हजर राहणे, शाळेत वाढलेले अन्न त्याने प्रत्यक्ष खाणे, आणि शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेत टिकणे. पोषण आहारावरचे बरेच वाद या चार गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे होतात. एका बाबतीत पुरावा भक्कम असतो, दुसरीत कच्चा, आणि बोलणारे मात्र दोन्हींसाठी एकच निष्कर्ष काढतात.

पार्श्वभूमी

शिक्षण आणि पोटाची सोय यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत. ती सोय जातीपुरती होती. बहुजन मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेणाऱ्यांना आधी राहण्या-जेवण्याची व्यवस्था उभी करावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले आणि घरोघरच्या मूठमूठ धान्यावर, म्हणजे मुष्टिफंडावर, वसतिगृह चालवले.

सरकारी पातळीवरची परंपरा दक्षिणेत सुरू झाली. मद्रास महापालिकेने १९२५ मध्ये शाळांत जेवण सुरू केले, मुख्यमंत्री कामराज यांनी १९५० च्या दशकात ते राज्यभर नेले आणि पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याला मोठे रूप दिले. केंद्र सरकारची देशव्यापी योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मात्र महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी तेव्हा शिजवलेले अन्न दिलेच नाही. ८० टक्के हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. पिशवी घेऊन शाळेत येणारे पालक आणि तांदूळ मोजून देणारे गुरुजी हे त्या वर्षांतले नेहमीचे दृश्य होते.

चित्र बदलले ते न्यायालयामुळे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला : प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न, वर्षातले किमान २०० दिवस. त्यानंतर महाराष्ट्रातही खिचडी शिजू लागली. २००८-०९ पासून सहावी ते आठवीचे वर्ग देशभर योजनेत आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झाले, आणि २०२१ मध्ये योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले. गावात मात्र तिला आजही ‘पोषण आहार’ किंवा नुसते ‘खिचडी’च म्हणतात.

पट आणि हजेरी : पुरावा काय सांगतो

पटसंख्येवरचा परिणाम सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसला. ज्याँ द्रेझ आणि गीता गांधी किंगडन यांनी १९९६ च्या ग्रामीण उत्तर भारतातल्या पाहणीच्या आधारे दाखवले की जिथे शाळेत जेवण होते तिथे शाळाबाह्य मुलींचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटकातल्या शाळा पाहिल्या. शिजवलेले अन्न सुरू झाल्यावर वर्षभरात पहिलीचा पट सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता. राजी जयरामन आणि डोरा सिमरोथ यांच्या अभ्यासातही, न्यायालयाच्या आदेशानंतर योजना लागू झालेल्या राज्यांत प्राथमिकचा पट वाढला आणि ही वाढ प्रामुख्याने खालच्या वर्गांतली होती.

कोरडा शिधा आणि शिजवलेले अन्न यांची तुलना फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केली. निष्कर्ष नेमका आहे. घरी धान्य देण्याऐवजी शाळेत जेवण देऊ लागल्यावर पहिलीतल्या मुलींची मासिक हजेरी १२ टक्के अंकांहून अधिक वाढली. मुलग्यांची हजेरी वाढली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावी इतकी नाही. पटसंख्येत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ असा की तांदळाच्या पिशवीने नाव पटावर आले होते आणि ताटाने मूल रोज वर्गात आले. महिनाअखेर मिळणाऱ्या वस्तूसाठी महिन्याची गोळाबेरीज सांभाळली की भागते. ताटासाठी त्या दिवशी तिथे असावे लागते.

या अभ्यासांवर आक्षेपही आहेत आणि ते गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप आकड्यांचा. शाळेला धान्य आणि पैसा हजेरीनुसार मिळतो, त्यामुळे नोंदवहीतली हजेरी फुगण्याची शक्यता असते. म्हणून चांगले अभ्यासक नोंदवहीवर न थांबता अचानक भेट देऊन वर्गातली डोकी मोजतात. दुसरा आक्षेप काळाचा. २००० च्या आसपास रस्ते, शाळा, शिक्षकभरती आणि पालकांची शिकवण्याची इच्छा हे सगळेच एकदम वाढत होते. त्यातला जेवणाचा वाटा वेगळा काढणे अवघड असते. राज्याराज्यांत योजना वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्याचा फायदा घेऊन नंतरच्या अभ्यासांनी ही अडचण बरीचशी सोडवली, पूर्ण नाही.

तिसरा मुद्दा आजच्या स्थितीचा. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या ९८.४ टक्के मुलांची नावे शाळेत आहेत. पट भरलेला असताना पटवाढीची अपेक्षा जेवणाकडून करता येत नाही. पण त्याच संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, भेटीच्या दिवशी प्राथमिक शाळांत सरासरी ७६ टक्क्यांच्या आसपासच मुले हजर होती. म्हणजे आजचा खरा प्रश्न रोजच्या हजेरीचा आहे.

सर्वांना, की गरजूंना?

पोषण आहार सर्वांना मिळावा की गरिबांनाच, हा वाद जगभर आहे. निवडक योजनेच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या जातात : पैसा मर्यादित आहे, आणि खात्यापित्या घरच्या मुलाच्या ताटावर तो खर्च करण्यापेक्षा गरजू मुलाला अधिक चांगले अन्न द्यावे. सार्वत्रिक योजनेचे समर्थक म्हणतात की मुलांमध्ये ‘फुकटचे खाणारे’ आणि ‘घरचे खाणारे’ अशी फाळणी झाली की गरजू मूलच संकोचाने मागे सरते, आणि गरजू कोण हे ठरवण्यात चुका होतात त्या वेगळ्याच.

इंग्लंडमधल्या २००९ ते २०११ च्या प्रयोगाने या वादाला काही आधार दिला. न्यूहॅम आणि डरॅम इथे सर्व प्राथमिक मुलांना मोफत जेवण मिळाले, तर वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये फक्त पात्रतेची मर्यादा सैल केली गेली. सार्वत्रिक भागांतली मुले अभ्यासात सरासरी दोन महिन्यांइतकी पुढे गेली. पात्रता वाढवलेल्या ठिकाणी तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. मात्र गैरहजेरी दोन्हीकडे लक्षणीय घटली नाही. न्यूयॉर्कच्या शाळांवरच्या एमी एलन श्वार्ट्झ आणि मायकल रॉथबार्ट यांच्या अभ्यासातही, सर्वांना मोफत जेवण मिळाल्यावर गरीब आणि बिगर-गरीब अशा दोन्ही गटांचे गुण सुधारले. स्वीडनमध्ये ज्यांना शालेय वयात मोफत जेवण मिळाले त्यांचे आयुष्यभराचे उत्पन्न सुमारे ३ टक्क्यांनी अधिक राहिले, असे दीर्घ मुदतीचा अभ्यास सांगतो. तरी हे निष्कर्ष पेण-रोह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथे मुले आधीच रोज शाळेत येत होती. इथे येणे हाच अर्धा प्रश्न आहे.

भारताने शाळेच्या आत सार्वत्रिक मार्ग निवडला. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलाला उत्पन्नाचा दाखला विचारला जात नाही. पण या सार्वत्रिकतेला दोन कुंपणे आहेत. एक कुंपण शाळेच्या प्रकाराचे : विनाअनुदानित शाळेतले मूल कितीही गरीब असले तरी योजनेबाहेर. दुसरे इयत्तेचे : आठवी संपली की ताट थांबते. तामिळनाडू, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने हे दुसरे कुंपण दहावीपर्यंत सरकवले आहे. महाराष्ट्राने अजून तसे केलेले नाही. गावची शाळा सोडून माध्यमिकसाठी दूर जायचे ते वय आणि जेवण बंद होण्याचे वय एकच आहे, म्हणून दहावीपर्यंत विस्तार हवा असे काही अभ्यासक म्हणतात. उलट मताचे म्हणतात की नववीतली गळती परीक्षा, प्रवास, मजुरी आणि मुलींच्या बाबतीत लग्न यांमुळे होते आणि जेवणाने ती थोडीच कमी होईल. त्यापेक्षा तोच पैसा लहान मुलांच्या ताटात घालावा.

ताटात काय आणि कोणाच्या हातचे

पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने.

आता वाडीवरची २० मुलांची द्विशिक्षकी शाळा घेऊ. सकाळी हजेरी झाली की आकडा स्वयंपाकी मावशींना कळतो. सगळी मुले आली तर २ किलो तांदूळ, ४०० ग्रॅम मटकी किंवा तूरडाळ, १ किलो भाजी आणि १०० ग्रॅम तेल मोजून काढायचे. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे हा दर आहे. २० मुलांचे झाले १३५ रुपये ६० पैसे. जेवण वाढण्याआधी ते मुख्याध्यापक किंवा शिक्षकांनी चाखायचे आणि चव नोंदवहीत लिहायचे. २५ पटापर्यंत एकच स्वयंपाकी-मदतनीस मिळते. तिने निवडायचे, शिजवायचे, वाढायचे आणि भांडी घासायची. राज्यात तिचे मानधन महिन्याला २५०० रुपये आहे, तेही वर्षातले १० महिने. ती आजारी पडली किंवा भाताच्या आवणीला गेली की त्या दिवशीचे जेवण कोण करणार, हा लहान शाळांतला मोठा प्रश्न असतो. ज्या दिवशी जेवण नसते त्या दिवसाची हजेरी योजनेच्या बाजूने मोजता येत नाही, हे अभ्यास वाचताना लक्षात ठेवावे लागते.

अंड्याचा वाद याच हिशोबातून समजतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि ते लोकवर्गणीवर व शाळा व्यवस्थापन समितीच्या इच्छेवर सोडले गेले. बाजारात एक अंडे सहा-सात रुपयांना पडते, म्हणजे मुलामागचा दिवसाचा सगळा दर एका अंड्यातच संपतो. आहारतज्ज्ञ आणि अन्न अधिकार कार्यकर्ते प्रथिनांसाठी अंड्याचा आग्रह धरतात. काही धार्मिक व शाकाहारी गटांचा शाळेत अंडे शिजवण्यालाच विरोध आहे. गडबच्या पट्ट्यात, जिथे आगरी, कोळी आणि कातकरी घरांत मासळी हे रोजचे खाणे आहे, तिथे अंड्याला सामाजिक अडथळा फारसा नाही. इथे मुद्दा पैशाचा आहे. लोकवर्गणी कारखान्याजवळच्या गावाला जमू शकते. वाडीला ती जमणे कठीण, आणि गरज तिथेच जास्त.

एका पंगतीत बसण्याचा परिणाम मोजणे कठीण असले तरी तो या योजनेचा स्वतंत्र हेतू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी महिलांना प्राधान्य द्यायला सांगितले. देशात अनेक ठिकाणी अशा महिलांच्या हातचे जेवायला पालकांनी विरोध केला आणि मुलांच्या ताटांवरून जातीचा झगडा झाला. महाडचे चवदार तळे याच रायगड जिल्ह्यात आहे. १९२७ च्या त्या सत्याग्रहाने पाण्यावरच्या समान हक्काचा प्रश्न उभा केला होता. शाळेतली पंगत तोच प्रश्न रोज दुपारी, लहान वयात, सोडवू पाहते. जेवणाच्या योजनेचे यश फक्त उष्मांकांत मोजणाऱ्यांच्या हे निदर्शनास आणून द्यावे लागते.

सुरक्षिततेचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे २३ मुले दगावली. त्यानंतर एकाच ठिकाणी शिजवून अनेक शाळांना अन्न पोहोचवणाऱ्या केंद्रीय स्वयंपाकगृहांना बळ मिळाले. शहरांत ती सोयीची ठरतात. पण पेण-रोह्याच्या डोंगराळ वाड्यांवर पावसाळ्यात गरम अन्न वेळेवर पोहोचवणे अवघड आहे, आणि गावातल्या बाईचे कामही त्यात जाते. त्यामुळे ग्रामीण भागासाठी शाळेतच शिजवण्याचा मार्ग अधिक पटणारा ठरला आहे.

शिकणे वाढते का?

मूल आले, जेवले, तरी शिकले का, या प्रश्नावर मते जास्त विभागली आहेत. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांनी देशभरच्या माहितीतून दाखवले की पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, एक वर्षाहून कमी काळ जेवण मिळालेल्यांपेक्षा, सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होते आणि गणिताचे ९ टक्क्यांनी. परिणाम दिसायला वर्षे लागतात, हे त्यातले महत्त्वाचे. याउलट केनियातल्या बालवाड्यांवर क्रिस्टेल व्हर्मीर्श आणि मायकल क्रेमर यांनी केलेल्या प्रयोगात हजेरी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, पण जेवणाच्या कामात शिकवण्याचा वेळ गेला आणि गुण वाढले ते शिक्षक चांगले प्रशिक्षित असलेल्या शाळांतच.

महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांचा आक्षेप याच ठिकाणी बसतो. धान्याचा साठा, रोजची ऑनलाइन नोंद, बिले, तपासणी ही सगळी कामे मुख्याध्यापकांवर येतात, आणि द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे दोन वर्गांचा शिक्षकच असतो. ते जेवणाला विरोध करत नाहीत, हिशोबाच्या ओझ्याला करतात. प्रशासनाचे म्हणणे असे की नोंदीशिवाय गळती थांबवता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

शाळेत जेवलेल्या मुलाला घरी कमी वाढतात का, या शंकेचेही उत्तर आफ्रिदी यांनी शोधले. त्यांच्या अभ्यासात शाळेतले अन्न घरच्या अन्नात भर घालणारेच ठरले आणि प्रथिनांची तूट त्यातून भरून निघाली. आंध्र प्रदेशात अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डेर्कॉन यांना असे आढळले की दुष्काळाची झळ लागलेल्या लहान मुलांची खुंटलेली वाढ शाळेतल्या जेवणाने बरीच भरून निघाली.

जिथे ताट पोहोचत नाही

पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. लहान असतात ती भावंडे सांभाळतात, मोठी कामाला हात लावतात. जून ते ऑक्टोबर हे मूल शाळेत जेवते, आणि उरलेले सहा-सात महिने त्याचे नाव पटावर, ताट शाळेत आणि ते स्वतः भट्टीवर असते. वर्षभराची सरासरी हजेरी काढली की जेवणाचा उपयोग कमी वाटतो. महिनावार पाहिले तर कारण कळते.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिला, मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृह. तिथे सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, म्हणून ती शाळेच्या ताटाला जोड ठरते. दुसरा, शिक्षण हमी पत्रक देऊन मूल जाईल तिथल्या शाळेत दाखल करणे. पहिल्यात लहान मुलांना आईबापांपासून दूर ठेवावे लागते. दुसऱ्यात भट्टीपासून शाळेचे अंतर आणि तिथल्या शाळेची तयारी आड येते. आश्रमशाळांचा तिसरा मार्ग जुना आहे, पण तिथेही राहण्याच्या दर्जावर सारे अवलंबून असते.

काय ठरले, काय उरले

आतापर्यंतच्या अभ्यासातून तीन गोष्टी बऱ्यापैकी ठरल्या आहेत. शिजवलेले जेवण लहान मुलांची, विशेषतः मुलींची, रोजची हजेरी वाढवते आणि या कामात ते कोरड्या शिध्याहून सरस आहे. सातत्याने अनेक वर्षे मिळाले तर शिकण्यावरही परिणाम होतो. आणि सर्वांना एकत्र वाढल्याने संकोच आणि वगळले जाणे, दोन्ही टळते.

तीन प्रश्न खुले आहेत. पट भरलेला असताना आजचे जेवण किती हजेरी वाढवते, आणि अंडे, फळ किंवा सकाळची न्याहारी जोडल्याने ती आणखी किती वाढेल? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने न्याहारी सुचवली आहे आणि तामिळनाडूने ती २०२२ पासून सुरूही केली. दुसरा, नववी-दहावीपर्यंत जेवण नेल्याने मुलींची गळती थांबेल का. तिसरा, स्थलांतरित मुलाचा हक्क शाळेशी बांधायचा की मुलाशी.

हे प्रश्न सोडवायला मोठ्या खर्चाची गरज नाही. रोजच्या जेवणाच्या नोंदी आधीच जमा होतात. त्या इयत्तावार, मुलगा-मुलगीवार आणि महिनावार उघड केल्या, अचानक भेटीतल्या डोकेमोजणीशी ताडून पाहिल्या आणि नोव्हेंबर ते मे या महिन्यांवर लक्ष ठेवले, तर गडबसारख्या पट्ट्यातले प्रत्येक शाळासमूह (केंद्र) आपल्या शाळांबद्दल पुराव्याने बोलू शकेल. पंचवीस वर्षांपूर्वी न्यायालयात हक्काची लढाई चालली आणि ताट मांडले गेले. आता ज्या मुलांपर्यंत ते पोहोचत नाही त्यांची मोजदाद करणे आणि त्यांच्या वाटेने ते पुढे नेणे, हे या धोरणाचे उरलेले काम आहे.